लोहाच्या पट्ट्यांत सोने शोधण्याआधी जुन्या कोअर पेट्या वाचवा

प्रति,
मा. महासंचालक, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, कोलकाता
मा. संचालक, भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय, नागपूर
मा. संचालक, खाण व भूगर्भ संचालनालय, पणजी

सप्रेम नमस्कार.

मी दोडामार्ग तालुक्यातला. माझी सगळी नोकरी सीमेपलीकडे, गोव्यातल्या लोहखाणींवर गेली. काम कोअर लॉगिंगचे. ड्रिलच्या नळीतून निघालेला खडकाचा दांडा, म्हणजेच कोअर, पेटीत ओळीने मांडायचा, पाणी मारून धुवायचा, किती मीटरपासून किती मीटरपर्यंत कोणता खडक लागला ते वहीत लिहायचे. वर जांभा, त्याखाली मऊ पिवळी-लाल माती, मग निळी भुकटी, आणि सगळ्यांत खाली कठीण पट्टेदार खडक, ज्याला आम्ही साइटवर बीएचक्यू (बँडेड हेमॅटाइट क्वार्ट्झाइट) म्हणायचो. एक काळा पट्टा, एक पांढुरका, पुन्हा काळा. पाणी पडले की हे पट्टे उघडायचे. एकतीस वर्षे मी तेच पाहत आलो आणि त्याचा मला कधी कंटाळा आला नाही.

हे पत्र त्या कठीण पट्ट्यांविषयी आहे.

२०२२ च्या डिसेंबरात नागपूरच्या खनिज परिषदेत मुख्यमंत्र्यांनी सांगितले, की सिंधुदुर्ग आणि चंद्रपूर जिल्ह्यांत सोने असल्याची माहिती केंद्राकडून आली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या तिठ्यावरच्या चहाच्या टपरीत दुसरा विषय नव्हता. आठवडाभरात बाहेरची माणसे गाड्या घेऊन सातबारा विचारत फिरू लागली. माझ्या शेजारच्या काजूबागेच्या मालकाने मला विचारले, “भाऊ, तुम्ही खाणीत होतात, आमच्या कातळाखाली सोना असा काय?” मी त्याला खरे ते सांगितले. असे सोने कुठल्या खडकात सापडते ते मला ठाऊक आहे, आपल्याकडचा खडक त्याच जातीचा आहे, पण त्यात सोने आहे की नाही हे ज्या नमुन्यांवरून कळले असते त्यांतले बरेच मी डोळ्यांदेखत फेकले गेलेले पाहिले आहेत.

ती गोष्ट आधी सांगतो. २०१२ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. मी काम करत होतो त्या खाणीवर कोअर ठेवायची एक लांबट शेड होती, पत्र्याची. कामगार घरी गेले, पहारेकरी तेवढे उरले. दोन पावसाळ्यांत पत्रे उडाले. पेट्यांवर खडूने लिहिलेले बोअरहोलचे नंबर आधी गेले, मग लाकूड कुजले. मध्ये काही वर्षे काम सुरू झाले, पण २०१८ च्या फेब्रुवारीत ८८ लीज (खाणपट्टे) रद्द झाल्यावर त्या शेडला वालीच राहिला नाही. मी एकदा मुद्दाम बघायला गेलो. लाकूड कुणाच्या तरी चुलीत गेले होते, आणि कोअरचे तुकडे कच्च्या रस्त्याच्या चाकोरीत भर म्हणून टाकलेले होते. तो दोनशे फूट खालचा खडक होता. तो पुन्हा वर आणायचा तर नव्याने ड्रिल लावावे लागेल, आणि त्या जागी आज पाण्याने भरलेला पिट आहे.

कंपनीला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. ज्या पेटीतून लोह मोजून झाले, तिचे काम संपले असा सगळ्यांचाच समज होता. माझाही होता. लोहखनिजाच्या व्यापारात तपासतात ते लोह, सिलिका, अ‍ॅल्युमिना, फॉस्फरस आणि ओलावा. सोन्याचा कस लावा असे बोटीवर माल घेणारा कशाला सांगेल? माझ्या जुन्या वह्यांत पाच-सहा ठिकाणी, पिटच्या तळाजवळच्या बोअरमध्ये, ‘पट्ट्यांना काटकोनात क्वार्ट्झच्या शिरा, पायराइट दिसते’ अशा नोंदी आहेत. क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी, आणि पायराइट म्हणजे लोह व गंधकाचे पितळी रंगाचे खनिज. त्या नोंदींपुढे ‘नमुना’ या रकान्यात रेघ आहे. त्या रेघा आता मला सलतात.

का सलतात, ते समजायला हे सोने खडकात येते कसे ते पाहावे लागेल. आपण तज्ज्ञ आहात, पण हे पत्र माझे गाववालेही वाचणार आहेत, म्हणून त्यांना समजेल असे लिहितो.

पट्टेदार लोहखडक हा सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या, काही ठिकाणी त्याहून जुन्या तर काही ठिकाणी थोड्या अलीकडच्या, समुद्राच्या तळाशी साचला. त्या काळच्या पाण्यात लोह विरघळून होते. ते थरांथरांनी खाली बसले, मध्ये सिलिकाचे थर बसले. सोने मात्र बहुतेक वेळा त्या थरांबरोबर आलेले नाही. ते फार नंतर, खोल जमिनीतून वर चढणाऱ्या तापलेल्या पाण्याबरोबर आले. सोने साध्या पाण्यात विरघळत नाही, पण त्या पाण्यात गंधक असले तर त्याचा हात धरून ते मैलोगणती प्रवास करते. असे पाणी भेगांतून चढताना वाटेत लोहाचा थर आला, की गंधकाची लोहाशी सोयरीक जुळते. काळ्या, चुंबकी मॅग्नेटाइटचे पायराइट होते किंवा पिऱ्होटाइट होते, तेही लोह-गंधकाचेच. गंधकाने हात सोडला की सोने तिथेच उतरते. म्हणून सोने मिळते ते जिथे पट्टे मोडले आहेत, घडी पडून वाकले आहेत, आणि काळ्या पट्टीच्या जागी पितळी झाक असलेली पट्टी आली आहे अशा जागी. आणि बहुतेक वेळा सोबत विषारी आर्सेनिक असते. त्याविषयी पुढे लिहितो, कारण मला सोन्यापेक्षा त्याची काळजी जास्त आहे.

यावर मोठा वाद झालेला आहे. सोने थरांबरोबरच समुद्रतळाशी साचले असा एक पक्ष होता. १९७६ मध्ये झिंबाब्वेच्या, म्हणजे तेव्हाच्या ऱ्होडेशियाच्या, वुबाचिक्वे खाणीवरून भूवैज्ञानिक फ्रिप यांनी तसे मांडले होते. १९८४ मध्ये फिलिप्स, ग्रोव्ह्ज आणि मार्टिन यांनी सोने नंतर आले हे पुराव्यानिशी मांडले आणि पुढचे बरेच काम त्या बाजूने गेले. हा वाद नुसता विद्यापीठातला नव्हे. पहिला पक्ष खरा मानला तर थर धरून मैलभर जायचे. दुसरा खरा मानला तर थर सोडून भेग शोधायची. आमच्या लोहखाणींत सगळे नकाशे थर धरून काढलेले आहेत. भेगा कुणी मोजल्याच नाहीत, कारण लोहासाठी त्या निरुपयोगी, उलट पाणी येते म्हणून नकोशाच.

अमेरिकेतल्या साउथ डकोटातली होमस्टेक खाण हे याचे सगळ्यांत मोठे उदाहरण. १८७६ मध्ये सापडली, २००२ मध्ये बंद झाली, सव्वाशे वर्षांत तिच्यातून बाराशे टनांहून अधिक सोने निघाले. तिथला लोहखडक सुमारे दोनशे कोटी वर्षांचा, आणि सोने त्यात पंचवीसेक कोटी वर्षांनी आलेले. तो लोहथर आसपासच्या मुलखात दूरवर पसरला आहे, पण सोने घड्यांनी दुमडलेल्या थोड्याशा जागेतच आहे. तिथल्या खाणकामगारांनी अशा एकेका दुमडीला ‘लेज’ म्हणत नंबर दिले होते. कॅनडाच्या उत्तरेत कॉन्टवॉइटो तलावाजवळ लुपिन, टांझानियात गेइता, ब्राझीलमध्ये कुइआबा, सगळीकडे कथा थोड्याफार फरकाने तीच. उलट ऑस्ट्रेलियातले हॅमर्सले पाहा. पट्टेदार लोहखडकाचा जगातला एक अफाट मोठा प्रदेश, पण त्याची कीर्ती लोहाचीच. लोहाचा पट्टा आहे म्हणजे सोने आहे, असा हिशेब मांडणारा माणूस गावाला फसवतो.

आता घराजवळ येऊ. आपला गोव्याचा लोहपट्टा धारवाड मालिकेचा, म्हणजे फार जुन्या खडकांच्या एका समूहाचा. भूवैज्ञानिक त्याला शिमोगा–उत्तर कॅनरा–गोवा असा एकच पट्टा म्हणतात. डिचोलीचा डोंगर, रेडीची खाण, कळण्याचा डोंगर, हे त्याचेच वायव्येकडचे टोक. त्याच पट्ट्याच्या कर्नाटकातल्या भागात, हावेरी जिल्ह्यात, गणजूर येथे गंधक मुरलेल्या पट्टेदार चर्टमध्ये (सिलिकाच्या कठीण खडकात) सोन्याचा साठा मोजलेला आहे. तुमकूर जिल्ह्यात अज्जनहळ्ळीला पट्टेदार लोहखडकातच हट्टी कंपनीने सोन्यासाठी उघडी खाण चालवली. कोलारच्या पश्चिमेकडच्या काही लोड्सही (सोने असलेले पट्टे) लोहखडकाशी जोडलेल्या होत्या, जरी तिथले बहुतेक सोने क्वार्ट्झच्या शिरांतून आले. म्हणजे प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर मात्र भाषणात नाही, मुशीत आहे.

२०२० च्या फेब्रुवारीत उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रला काय झाले, ते आपल्या सर्वेक्षणाला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. तीन हजार टनांहून जास्त सोने सापडल्याची बातमी देशभर झाली. मग सर्वेक्षणालाच खुलासा करावा लागला: सुमारे ५२,८०६ टन खनिज, टनाला ३.०३ ग्रॅम सोने, म्हणजे सगळे मिळून १६० किलोच्या आसपास. त्या खुलाशाबद्दल मी सर्वेक्षणाचा आदर करतो. पण मधल्या दोन दिवसांत तिथल्या गावांत काय झाले असेल, त्याचा अंदाज मला आमच्या तिठ्यावरून येतो. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशी गत गरिबाच्या घरात होते, तेव्हा त्यात जमीन जाते.

टनाला एक ग्रॅम म्हणजे किती, ते आमच्या बायकांना लगेच कळते. आठ गुंजांचा एक मासा, आणि मासा जवळपास एक ग्रॅमच. हजार किलो दगड फोडून, दळून, रसायनात भिजवून एक मासा. जगात उघड्या खाणी अशा कसावरही चालतात, पण त्या किती डोंगर उचलतात ते पाहावे. आणि सोने सारखे पसरलेले नसते. एका नमुन्यात दाणा आला तर कस भडकतो, शेजारच्या नमुन्यात शून्य येतो. सराफकट्ट्यावरची माती धुणाऱ्या झारेकऱ्याला हे पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. तो एका ओंजळीवर कधी बोलत नाही, पोते धुऊन झाल्यावर बोलतो.

म्हणून माझी पहिली विनंती पेट्यांची. गोव्यात आणि सिंधुदुर्गात जिथे जिथे जुन्या लीजवर कोअर शिल्लक आहेत, तिथे येत्या पावसाळ्याआधी माणसे पाठवा आणि त्या ताब्यात घ्या. नव्या लिलावात ज्यांना ब्लॉक मिळाले त्यांच्या कोठारांतही बघा. आधी एकदा मोजा, छप्पर द्या, नंबर पुन्हा लिहा. ज्या पेट्यांवरचे नंबर गेले, त्यांच्यासाठी माझ्यासारखी निवृत्त माणसे अजून हयात आहेत, कोणत्या बोअरमध्ये किती मीटरवर जांभा संपला हे आठवणारी. आमच्यातले दर वर्षी एक-दोन कमी होत आहेत.

हे काम महागडे नाही. प्रत्येक मीटर लगेच अग्निपरीक्षणाला, म्हणजे मुशीत वितळवून सोन्याचा कस काढायला, पाठवायची गरज नाही. हातात धरायचे एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखणारे) कोअरवर टेकवले की मिनिटभरात आर्सेनिक आणि गंधकाचा अंदाज देते. सोने ते यंत्र नीट दाखवत नाही, पण सोन्याचा माग दाखवते. जिथे आर्सेनिक चढलेले दिसेल, जिथे काळ्या पट्टीची पितळी पट्टी झालेली दिसेल, तेवढेच अर्धे दांडे कापून प्रयोगशाळेत मुशीत घाला. सोबत कोरे नमुने आणि ठरावीक कसाचे नमुने टाका, म्हणजे निकालावर भरवसा ठेवता येईल. उरलेला अर्धा दांडा पेटीतच राहू द्या.

सर्वेक्षणाचा राष्ट्रीय भूरासायनिक नकाशा मोलाचा आहे, पण त्यात साधारण चार चौरस किलोमीटरमागे ओहोळाचा एक नमुना येतो. ज्या भेगेत सोने बसते ती कधी वीस मीटर रुंद असते. नकाशात काही दिसले नाही म्हणून काही नाही असे होत नाही, आणि दिसले म्हणून तिथेच आहे असेही नाही. विमानातून केलेल्या चुंबकीय सर्वेक्षणाबद्दलही एक सांगणे आहे. इतर देशांत लोहखडकाच्या चुंबकीय रेषेत मध्येच खळगा दिसला, तर मॅग्नेटाइटचे पायराइट झाले असेल म्हणून तिथे ड्रिल लावतात. आपल्याकडे हवा-पावसाने मॅग्नेटाइटचे हेमॅटाइट आधीच झालेले असते, आणि ते फारसे चुंबकी नसल्याने तसाच खळगा दिसतो. प्रत्येक खळग्यात सोने बघितले तर अर्धा गोवा सोन्याचा निघेल. खालचा ताजा खडक पाहिल्याशिवाय तो फरक कळत नाही, आणि ताजा खडक आज कोअरमध्ये आहे किंवा पाण्याखाली.

दुसरी विनंती निकालांची. सगळे निकाल जाहीर करा, विशेषतः शून्य आलेले. २०२३ च्या डिसेंबरात राष्ट्रीय भूविज्ञान डेटा भांडार सुरू झाले, ते चांगले झाले. त्यात या जुन्या बोअरहोलची जागा, खोली, लोह, आर्सेनिक आणि सोने, सगळे घाला. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने सोन्यासह २९ खनिजांसाठी खासगी कंपन्यांना शोधाचे परवाने मिळू लागले आहेत. म्हणजे उद्या कुणीतरी आमच्या डोंगरावर परवाना घेऊन येईल. तेव्हा आधी काय सापडले आणि काय नाही हे ग्रामसभेच्या हातात असले पाहिजे. शून्याचा निकाल कुणी छापत नाही, आणि मग तोच डोंगर दर वीस वर्षांनी नव्या माणसाकडून पुन्हा खोदला जातो. सावंतवाडी-दोडामार्गचा पट्टा वाघाच्या येण्याजाण्याचा आहे. जिथे शून्य आले ते डोंगर निदान सोन्याच्या नावाने तरी सुटतील.

तिसरी विनंती पाण्याची, आणि ती मला सगळ्यांत निकडीची वाटते. या जातीच्या खडकात सोन्याबरोबर आर्सेनोपायराइट हे आर्सेनिक आणि गंधक असलेले खनिज येते. खडक जमिनीत दडलेला असेल तोवर तो गप्प असतो. फोडून उघड्यावर टाकला, पावसाचे पाणी लागले, की गंधकाचे आम्ल होते आणि आर्सेनिक सुटू शकते. होमस्टेकने सुमारे शंभर वर्षे, १९७७ पर्यंत, आपला गाळ व्हाइटवुड ओढ्यात सोडला. तिथल्या पूरमैदानांत आर्सेनिक साचले आणि तो ओढा अमेरिकेच्या विषारी जागांच्या यादीत गेला. आमच्याकडे वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. रिजेक्शनचे, म्हणजे टाकाऊ मालाचे, डंप डोंगराएवढे आहेत आणि ते तिळारी, साळावली, डिचोलीच्या ओहोळांच्या काठांवर आहेत. त्या डंपांत आर्सेनिक आहे असा आरोप मी करत नाही. बरेचसे डंप वरच्या झिजलेल्या मातीचे आहेत आणि त्यांतले गंधक केव्हाच धुऊन गेले असण्याची शक्यता मोठी आहे. पण शेवटच्या वर्षांत पिट पाण्याच्या पातळीखाली गेले, तेव्हा तळचा माल कोणत्या डंपवर गेला, ते मला ठाऊक आहे. लिलावात आता डंपही निघत आहेत. ते हलवण्याआधी प्रत्येकाचे नमुने घ्या आणि खालच्या विहिरींचे पाणी तपासा. सोन्याच्या शोधासाठी घेतलेला नमुना हे उत्तर आपोआप देतो. एकाच नमुन्यात सरकारला सोने कळेल आणि गावाला पाणी कळेल.

चौथे एक मागणे आहे, ते पैशाचे नाही. जोपर्यंत एखाद्या जागी किमान काही बोअरचे निकाल हातात येऊन दुसऱ्या प्रयोगशाळेत ताडून पाहिले जात नाहीत, तोपर्यंत ‘सोने’ हा शब्द व्यासपीठावरून उच्चारू देऊ नका. आपण अधिकारी आहात, मंत्र्यांना टिपण आपण देता. त्या टिपणात ‘शक्यता’ हा शब्द ठळक लिहा, खोली लिहा, कस लिहा, टन लिहा. आणि निकाल आले की ते आधी गावात येऊन सांगा, मराठीत आणि कोकणीत, नकाशा भिंतीवर लावून. आमच्या गावातल्या मुलांना जांभा आणि बीएचक्यू यांतला फरक चांगला कळतो. निकाल समजून घ्यायला ती कमी पडणार नाहीत.

मी या खडकावर रागावलेलो नाही आणि सोने निघू नये असेही मला वाटत नाही. धुतलेल्या कोअरवर सकाळचे ऊन पडले की पट्टे कसे चमकतात, हे ज्याने पाहिले त्याला त्यात काय दडले आहे हे जाणून घ्यायचेच असते. रेडीच्या खाणीत १९७६ मध्ये मातीखालून गणपतीची मूर्ती निघाली आणि आज तिथे देऊळ आहे. माझी आई मला नेहमी सांगायची, की जमिनीत काय ठेवले आहे ते जमीनच दाखवते, आपण फक्त सांभाळून उकरायचे. मी तिचे ऐकून नोकरीभर सांभाळून उकरले, आणि शेवटी कोअर मात्र रस्त्यात गेले.

माझ्याकडे चौदा वह्या आहेत. त्यांत बोअरहोलचे नंबर, खोली, खडकांची वर्णने आणि त्या पाच-सहा पायराइटच्या नोंदी आहेत. मूळ लॉगबुक कंपनीकडे गेले. या माझ्या स्वतःच्या, रोज रात्री उतरवून काढलेल्या. त्या मी आपल्यापैकी कुणाच्याही कार्यालयाला विनामूल्य द्यायला तयार आहे. अट एकच, त्या स्कॅन करून सगळ्यांना पाहता येतील अशा ठेवाव्यात. गुडघे दुखतात, पण गाडी पाठवलीत तर डंप आणि उरलेल्या शेड दाखवायला मी येईन. पावसाआधी आलात तर बरे, कारण मृग लागला की तो कच्चा रस्ता बंद होतो.

आपला,
दोडामार्ग तालुक्यातील एक निवृत्त कोअर-नोंदकार